सावळ्या फुलाची कुंडली

पहिली कुंडी मी मारली ती मायेने. नोव्हेंबर संपत आला होता, दिल्लीच्या हवेवर धुराचे थर चढले होते आणि पूर्व दिल्लीतल्या आमच्या गच्चीवर अगापँथसची पट्ट्यासारखी लांब पाने एकेक करून पिवळी पडत होती. पाने पिवळी पडली म्हणजे झाड तहानले, हे पुण्यात आईच्या बागेत लहानपणी शिकलेले गणित. मी पाणी वाढवले. पाने आणखी पिवळी पडली, मी आणखी पाणी घातले. डिसेंबरात कुंडी उपडी केली तेव्हा हाताला लागला तो सडक्या कांद्यासारखा वास येणारा लगदा. सोसायटीच्या बागेचे काम पाहणारे माळीकाका मूळचे बदायूँचे. त्यांनी तो लगदा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "सो रहा था दीदी, आपने डुबो दिया."

कुंडीत खोचलेली प्लास्टिकची चिठ्ठी मी धुऊन ठेवली आहे. तिच्यावर चार गोष्टी लिहिलेल्या आहेत. नाव : अगापँथस आफ्रिकानस. रंग : काळा. पाने : सदाहरित. जागा : भरपूर ऊन. पुढची दोनतीन वर्षे मी या झाडाबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि हळूहळू ध्यानात आले की या चारही गोष्टी माझ्या कुंडीपुरत्या चुकीच्या होत्या. मात्र त्या रोपवाटिकेवर राग धरण्यात अर्थ नव्हता. त्या चुका तिच्या नव्हत्याच. त्यांतली सर्वांत जुनी चूक सव्वातीनशे वर्षांची आहे, आणि प्रत्येकीमागे कोणाचा तरी प्रवास, व्यापार किंवा हौस आहे. आपल्याकडे मूल जन्मले की जन्मवेळ आणि जन्मस्थळ टिपून ठेवतात. कुंडीतल्या झाडाचीही अशी कुंडली असते. ती न मांडता निगा राखायला गेले की माझ्यासारखे होते.

*

आधी नावाविषयी. या झाडाला मराठीत रुळलेले नाव नाही. दिल्लीच्या रोपवाटिकांमध्ये 'अफ्रीकन लिली' म्हणून मागितले तर कळते, पण ते लिली नव्हे. आजचे वनस्पतिशास्त्र त्याला कांदा-लसणाच्या कुळात, अमॅरिलिडेसीमध्ये, ठेवते; माझ्या हाताला आलेला वास अगदीच उपरा नव्हता. जमिनीखाली मात्र कांदा नसतो, हळदीसारखे आडवे वाढणारे जाड खोड असते. त्यातून पानांचा झुबका येतो आणि मधून हातभर किंवा त्याहून उंच दांडा. दांड्याच्या टोकाला निळ्या फुलांचा घोस.

त्याचे माहेर आफ्रिकेचे दक्षिण टोक. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे ठाणे वसवले ते मुख्यतः जहाजांसाठी. पूर्वेकडे जाणाऱ्या खलाशांना ताजी भाजी मिळावी, स्कर्व्हीने माणसे मरू नयेत, म्हणून तिथे कंपनीची बाग लावली गेली. भाजीच्या पाठोपाठ आसपासच्या डोंगरांतली नवलाची झाडे हॉलंडला जाऊ लागली. १६७९च्या सुमारास डान्झिगचा व्यापारी आणि वनस्पतीप्रेमी याकोब ब्रेन याने या निळ्या फुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला ते आफ्रिकेतली एक प्रकारची हायसिंथ वाटली. १६९२ मध्ये ते लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात फुलल्याची नोंद आहे.

नेमक्या याच वर्षांत, याच कंपनीच्या दुसऱ्या टोकाला, कोचीनमध्ये एक वेगळे काम चालले होते. कंपनीचा मलबारमधला अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ तयार करवून घेत होता. 'होर्टुस मलबारिकुस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले. झाडांची ओळख पटवण्याचे काम इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने केले, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांचे कोकणीतले निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी ते एक. व्हान रेडे पुढे कंपनीचा आयुक्त म्हणून १६८५ मध्ये केपलाही गेला. १६९१ मध्ये सुरतेकडे येताना तो जहाजावरच वारला. त्याची कबर सुरतेत आहे.

मलबारच्या झाडांबरोबर त्यांची मलयाळी नावे आणि ती सांगणाऱ्यांचीही नावे युरोपला पोहोचली. केपच्या निळ्या फुलाच्या वाट्याला हे आले नाही. ते ज्यांच्या अंगणात आणि औषधांत होते त्यांना कोणी निवेदन लिहायला सांगितले नाही. त्यांचे नाव मात्र अजून बोलण्यात आहे. खोसा भाषेत त्याला 'इसिकाकाथी' म्हणतात. त्यातला 'क' मी नाइलाजाने लिहिला आहे. तो खरा दातांमागे जिभेने केलेला चटकारा. आपण हळहळताना 'च्च' करतो तसा. देवनागरीत त्याला अक्षर नाही. खोसा बायका गरोदरपणात याच्या मुळांचे औषध घेतात आणि बाळ सुदृढ व्हावे म्हणून मुळांची माळ गळ्यात घालतात. हॅम्प्टन कोर्टमध्ये जे केवळ नवलाचे फूल होते, ते तिथे बाळंतिणीच्या कामाचे होते.

युरोपात नाव पुन्हा पुन्हा बदलले. १७५३ मध्ये लिनियसने त्याला क्रायनम या प्रजातीत घालून 'आफ्रिकानुम' म्हटले. 'अगापँथस' हे नाव फ्रेंच न्यायाधीश आणि हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल-लुई लेरितिए याचे. त्याची हकिकत एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. दक्षिण अमेरिकेतून दोंबे या संशोधकाने आणलेले वनस्पतींचे नमुने स्पेनने परत मागितले, तेव्हा १७८६ मध्ये लेरितिए ते सगळे घेऊन गुपचूप लंडनला पळाला. तिथल्या मुक्कामात इंग्लंडच्या बागांमधली नवी झाडे पाहून त्याने जे पुस्तक लिहिले त्यात हे नाव प्रथम आले. ग्रीक 'अगापे' म्हणजे प्रेम, 'अँथोस' म्हणजे फूल. पुढे १८०० मध्ये पॅरिसमध्ये घराजवळ त्याचा खून झाला आणि खुनी कधीच सापडला नाही.

लिनियसचे 'आफ्रिका' आणि लेरितिएचे 'प्रेम' एकत्र येऊन 'अगापँथस आफ्रिकानस' हे नाव बनले आणि बाजारात जे जे निळे अगापँथस आले त्या सगळ्यांना ते चिकटले. वास्तविक या नावाची खरी जात फक्त पश्चिम केपच्या खडकाळ डोंगरांत वाढते. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. वणवा गेल्यानंतर ती जोमाने फुलते आणि बागेत आणली की रुसते. जगभरच्या बागांमध्ये जे फुलते ते बहुतेक करून 'प्रीकॉक्स' ही पूर्वेकडची जात किंवा तिचे संकर. फ्रान्सिस लेटन या दक्षिण आफ्रिकी अभ्यासक बाईंनी १९६५ मध्ये या प्रजातीची नीट मांडणी करून दहा जाती सांगितल्या. २००३ मध्ये डीएनएचे प्रमाण आणि परागांचा रंग तपासून त्या सहावर आणल्या गेल्या. शास्त्र पुढे गेले, चिठ्ठीवरचे नाव तेच राहिले.

*

दुसरी गोष्ट रंगाची. काळे फूल ही बागवानांची फार जुनी हाव आहे. अलेक्झांडर द्यूमाने १८५० मध्ये काळ्या ट्यूलिपवर कादंबरी लिहिली, तेव्हा हॉलंडमधल्या ट्यूलिपच्या सट्ट्याला दोनशे वर्षे उलटून गेली होती. हाव ओसरली नव्हती. राष्ट्रपती भवनाच्या बागेत लोक ज्याला 'काळा गुलाब' म्हणून पाहायला रांगा लावतात ती 'ओक्लाहोमा' ही अतिगडद लाल जात आहे.

पाकळीत काळे रंगद्रव्य नसते. अगापँथसची निळाई डेल्फिनिडिन या अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यापासून येते. ते दाट साठले की पाकळी बहुतेक सगळा प्रकाश पिऊन टाकते आणि आपल्याला ती काळी भासते. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिली की जांभळी. त्यातही उष्णतेत अँथोसायनिन कमी तयार होते. कॅटलॉगमधला फोटो थंड हवेच्या देशातला असेल तर तेच झाड दिल्लीत एकदोन छटांनी फिकेच फुलणार.

हा गडदपणा आला कुठून? 'इनापेर्टस' या जातीतून. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येला, म्पुमलँगा आणि लिम्पोपो प्रांतांत, पठार संपून उतार सुरू होतो तिथल्या गवताळ डोंगरांवर ती वाढते. तिची फुले घोसात वर तोंड करून उमलत नाहीत. अरुंद नळ्यांसारखी खाली लोंबतात, जवळजवळ मिटलेली. त्यांत काही झाडे इतक्या गडद निळ्या रंगाची असतात की सांजवेळी दिसेनाशी व्हावीत. म्पुमलँगामधल्या ग्रास्कॉप या गावाचे नाव लाभलेला 'ग्रास्कॉप' हा वाण त्यांतलाच. पुढे गडद वाणांची स्पर्धाच लागली. ऑस्ट्रेलियातून 'ब्लॅक पँथा' आला, इंग्लंडच्या बागांत 'मिडनाइट स्टार' आला. २०२३ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात वर्षातले सर्वोत्तम झाड म्हणून 'ब्लॅक जॅक' निवडला गेला, तो दक्षिण आफ्रिकेतच तयार झालेला. तीन शतके बाहेर जात राहिलेल्या फुलाचा मान एकदा तरी त्याच्या माहेरी गेला.

हे मानाबरोबर मालकीचेही प्रकरण आहे. गडद वाण बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत. पिल्ले आई-बापांपैकी कोणावर जातील ते सांगता येत नाही. म्हणून गड्ड्याचे तुकडे करून किंवा ऊतिसंवर्धनाने ते वाढवले जातात, आणि नव्या वाणांवर पैदासकाराचा कायदेशीर हक्क असतो. भारतात यासाठी २००१चा कायदा आहे. त्याच्या नावात वाणसंरक्षणाबरोबर 'शेतकऱ्यांचे हक्क' हे शब्दही आहेत. त्या प्राधिकरणाचे कार्यालय दिल्लीतच आहे, आमच्या घरापासून यमुनेच्या पलीकडे, पुसा भागात. एका दांड्यावरच्या काळोखाचा मालक कोण, हा प्रश्न कुंडीजवळ बसून विचित्र वाटतो. तरी ज्या गवताळ डोंगरांवर ही छटा शतकानुशतके आपोआप जपली गेली, त्यांच्या वाट्याला यातले काय येते, हे विचारायला हवे.

इंग्रजीत या रंगाला 'ब्लॅक' म्हणावे लागते, कारण निळा आणि काळा यांच्या मधला शब्द चटकन सापडत नाही. आपल्याकडे तो आहे. विठोबाचा रंग कोणता असे विचारले तर कोणीही मराठी माणूस काळा आणि निळा यांत निवड करत बसत नाही. सावळा म्हणतो आणि पुढे जातो. माझ्या वहीत मी या फुलाचा रंग 'सावळा' असाच लिहिला आहे. चिठ्ठीवर तसे असते तर अपेक्षाभंगही झाला नसता.

*

तिसरी गोष्ट पानांची, आणि माझ्या चुकीचे मूळ तिच्यात आहे. युरोपात आधी पोहोचले ते सदाहरित अगापँथस. त्यांना तिथला हिवाळा सोसत नसे. म्हणून त्यांना मोठ्या लाकडी टपांमध्ये लावत आणि थंडी आली की संत्र्या-लिंबांच्या झाडांबरोबर काचेच्या खिडक्यांच्या लांबलचक दालनात नेऊन ठेवत. राजेरजवाड्यांच्या या 'ऑरेंजरी'मध्ये अगापँथसच्या निगेचे पहिले नियम तयार झाले : कुंडी लहान ठेवा, मुळे दाटू द्या, हिवाळ्यात आत न्या, पाने हिरवी राखा. क्लोद मोने याच्या जिव्हर्नीतल्या तळ्याकाठीही हे फूल होते. त्याने कमळांबरोबर ते ज्या तीन भव्य चित्रफलकांत रंगवायला घेतले, ते आज अमेरिकेतल्या तीन संग्रहालयांत विभागून आहेत.

डोंगराळ, गवताळ भागातल्या जातींची रीत वेगळी. तिथे पाऊस उन्हाळ्यात, आणि हिवाळा कोरडा, रात्री दहिवराचा. असल्या हिवाळ्यात पाने राखणे झाडाला परवडत नाही. ते पाने टाकते, सारा साठा जमिनीखालच्या खोडात ओढून घेते आणि झोपते. विसाव्या शतकात लुइस पामर या इंग्रज बागवानाने केपटाऊनच्या कर्स्टनबॉश वनस्पतिउद्यानातून बी मागवले आणि विंचेस्टरजवळच्या हेडबोर्न वर्दी येथील आपल्या बागेत पानझडी, थंडी सोसणारे संकर वाढवले. ते 'हेडबोर्न हायब्रिड्स' म्हणून प्रसिद्ध झाले. तेव्हापासून बाजारात दोन्ही स्वभावांची झाडे एकत्र आहेत आणि चिठ्ठ्यांची सरमिसळ होते. गडद फुलांच्या बऱ्याच वाणांत पानझड्या इनापेर्टसचे रक्त आहे. माझे झाड त्या कुळातले होते. नोव्हेंबरात त्याने निजायची तयारी केली, आणि मी 'सदाहरित' या एका शब्दावर विश्वास ठेवून त्याला हलवून जागे करत राहिले.

*

उरले 'भरपूर ऊन'. हे दोन शब्द लंडनमध्ये खरे आहेत. तिथे ऊन दुर्मीळ, म्हणून मिळेल तेवढे द्यावे. दिल्लीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवून पाहिले की या शब्दांचा अर्थ कुठवर टिकतो ते कळते.

दिल्ली-आग्र्याच्या उन्हाशी बागेच्या हौशीने झगडणारे पुष्कळ होऊन गेले. बाबराला हिंदुस्थानात वाहते पाणी आणि आखीव बागा नाहीत याचा मनस्वी त्रास झाला. त्याने आग्र्याला यमुनेकाठी बागा लावल्या आणि बल्खहून आलेल्या माळ्याने तिथे खरबुजे पिकवली तेव्हा त्याला झालेला आनंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याला जास्वंद आणि कण्हेर मात्र मनापासून आवडली. म्हणजे येणारा माणूस आपले झाड आणतो आणि इथलेही एखादे उचलतो, हे दिल्लीच्या मुलखात नवे नाही.

डिसेंबर १९११च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि उघड्या माळावर नवे शहर उभारायचे ठरले, तेव्हा झाडांचा प्रश्न मोठा झाला. हुमायूनच्या कबरीजवळ आज जिथे सुंदर नर्सरी आहे, तिथे नव्या राजधानीसाठी निरनिराळ्या ठिकाणची झाडे आणून ती या हवेत रुजतात का ते तपासले जाई. ती जागा मधल्या काळात दुर्लक्षित झाली. डागडुजी होऊन २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. व्हाइसरॉयच्या प्रासादामागची बाग एडविन लचेन्सने १९१७ मध्ये आखली, तिच्यात लागवड मात्र १९२८-२९ मध्ये झाली. लागवडीत त्याचा साथीदार होता उद्यानविभागाचा प्रमुख विल्यम मस्टो. ती मुघल गार्डन, २०२३ पासून अमृत उद्यान.

या बागेने आणि तिच्या मागोमाग बंगल्यांच्या हिरवळींनी दिल्लीला एक पंचांग दिले, ते आजही चालते. ऑक्टोबरात बी पेरायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिटुनिया, पॅन्सी, स्वीटपी, डेलिया फुलवायची आणि एप्रिल लागला की वाफे उपटून मोकळे करायचे. ही मोठी हुशारीची युक्ती होती. इंग्लंडचा उन्हाळा उचलून दिल्लीच्या हिवाळ्यात बसवला गेला. शांतिपथावर अलीकडे दिसणारे नेदरलँड्सचे ट्यूलिप याच युक्तीची पुढची पायरी. फुले ओसरली की त्या कंदांना इथला उन्हाळा सोसत नाही. ही सारी चार महिन्यांची पाहुणी मंडळी. त्यांचे आदरातिथ्य करायचे असते, त्यांच्याबरोबर संसार करायचा नसतो.

दुसऱ्या टोकाला विलायती कीकर आहे, आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो. उजाड टेकड्या हिरव्या करण्यासाठी ब्रिटिश काळात ती दिल्लीच्या रिजवर लावली गेली. तिने इतके बस्तान बसवले की देशी झाडांना जागा उरली नाही, आणि आज ती काढण्यासाठी मोहिमा चालतात. अगापँथसनेही दुसरीकडे हेच केले आहे : न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत ते तण मानले जाते.

दिल्लीत त्याला तण होण्याची चैन नाही. पण ते पाहुणेही नाही. बहुवर्षायू झाडाला मे महिना काढावा लागतो, ऑगस्टमधली ओल काढावी लागते, जानेवारीची थंडी काढावी लागते. बाहेरून येऊन या शहरात घर केलेल्या कोणालाही हे समजेल. फेब्रुवारीतली दिल्ली पाहून इथे राहायला आलेल्या माणसाला खरी दिल्ली जूनमध्ये भेटते.

*

मात्र कुंडली मांडली की एक दिलासा मिळतो. पावसाच्या वेळापत्रकात म्पुमलँगाचे गवताळ डोंगर लंडनपेक्षा दिल्लीला जवळचे आहेत. तिथेही पाऊस उन्हाळ्याचा आणि हिवाळा कोरडा. फरक इतकाच की डोंगरावर ऊन कोवळे आणि रात्री गार असतात, आणि पावसाआधीचा आपला तो भाजणारा अडीच महिन्यांचा पट्टा तिथे नाही. म्हणजे दिल्लीत सांभाळायचे ते एवढेच अंतर. सदाहरित जातीला हे जसेच्या तसे लागू नाही, पण माझ्या दुसऱ्या कुंडीसाठी, जी एका मैत्रिणीने डोंगरातल्या तिच्या घरून गड्ड्याचा तुकडा काढून दिली, मी हाच हिशेब धरला.

कुंडी मातीची, दहा इंची. माती, जाड वाळू आणि जुने शेणखत सारख्या प्रमाणात, तळाशी खापऱ्या. गड्ड्याचा माथा मातीच्या पातळीला; खोल गाडला तर पावसाळ्यात मानेशी कुजतो. फेब्रुवारीत हिरवे टोक दिसले की पाणी सुरू, मार्चपासून पंधरा दिवसांतून एकदा पातळ खत, त्यात पालाश जास्त आणि नत्र कमी; नत्र वाढले की पानेच येतात. सकाळी अकरापर्यंतचे ऊन द्यायचे, नंतर भिंतीची सावली. जूनमध्ये कुंडी जमिनीवरून उचलून विटांवर, म्हणजे फरशीची धग मुळांना लागत नाही. पाऊस सुरू झाला की झाड खूश असते, फक्त खाली बशी ठेवायची नाही. पाण्याचे शुद्धीकरण यंत्र जे पाणी बाहेर टाकते ते बचत म्हणून घालायचा मोह आम्हा दिल्लीकरांना फार होतो. त्यात क्षार साठलेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरी साय दिसू लागली की समजावे. शक्य तितके पावसाचे पाणी साठवून तेच घालावे. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण होतो, तो ओल्या फडक्याने पुसून काढावा. फुले सरली की बी धरण्याआधी दांडा कापावा. नोव्हेंबरात पाने पिवळी पडू लागली की हात आखडता घ्यावा, आणि पाने वाळल्यावर कुंडी कोपऱ्यात, जवळजवळ कोरडी, ठेवून द्यावी. तीनचार वर्षांनी कुंडी दाटली की गड्ड्याचे तुकडे करायचे ते फेब्रुवारीत, झोप संपताना.

युरोपात ऑरेंजरी थंडीपासून वाचवण्यासाठी होती. माझी ऑरेंजरी म्हणजे पाण्याच्या टाकीमागची सावली, आणि ती मे-जूनसाठी आहे.

यातले अर्धे मी पुस्तकांतून शिकले आणि अर्धे माळीकाकांकडून. त्यांना अगापँथस हे नाव माहीत नव्हते, म्पुमलँगा तर नाहीच. त्यांनी गड्डा दाबून पाहिला, मुळांची जाडी पाहिली आणि पहिल्याच दिवशी सांगितले की हे पहाडातले दिसते, पाणी धरून ठेवणारे आहे, "इसको दोपहर मत दिखाइए, और जाड़े में सोने दीजिए." लेटनबाईंच्या मांडणीतून मी ज्या निष्कर्षाला दोन वर्षांनी आले, तिथे ते बोटांनी दोन मिनिटांत पोहोचले होते. बागांच्या इतिहासात लचेन्स असतो, मस्टो असतो. १९२८च्या थंडीत ज्यांनी खड्डे खणले, जूनमध्ये मशकींनी पाणी घातले आणि कोणते रोप जगते हे प्रत्यक्षात ठरवले, त्यांची नावे या इतिहासात येत नाहीत.

हे लिहिताना जोतीराव फुल्यांची आठवण होते. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरवण्याच्या कामावरून घराण्याला 'फुले' हे नाव पडले. फुले पुरवणाऱ्यांचे नाव इतिहासात ठळकपणे उरण्याचे ते विरळे उदाहरण, आणि तेही उरले ते फुलांमुळे नव्हे, त्या घरातल्या एका माणसाने प्रश्न विचारले म्हणून. बाकीच्या घराण्यांच्या वाट्याला फक्त काम आले. केपच्या डोंगरात मुळांची माळ ओवणारी बाई आणि बदायूँहून आलेले आमचे माळीकाका मला याच रांगेतले वाटतात. कोचीनच्या तीन वैद्यांना निदान चार ओळी लिहून द्यायला मिळाल्या होत्या.

*

दुसरी कुंडी चौथ्या पावसाळ्यात फुलली. ऑगस्टचा दुसरा आठवडा, दोन दिवसांच्या झडीनंतरची उघडीप. दांडा एकच, कमरेइतका. कळ्या पिकल्या जांभळाच्या सालीसारख्या होत्या, उमलल्यावर रंग थोडा उतरला. लोंबत्या नळ्या, तोंडे अर्धी मिटलेली. शेजारच्या काकूंनी पाहून विचारले, "यही है वो काला वाला?" मी म्हटले, सावळा आहे. त्यांना शब्द कळला. त्यांच्याकडेही कृष्ण साँवलाच आहे.

माळीकाका आता बदायूँला परत गेले आहेत, गुडघे साथ देत नाहीत म्हणून. जाण्याआधी, फेब्रुवारीत, आम्ही दोघांनी गड्डा सोडवून त्याचे दोन तुकडे केले. एक त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून नेला. माझ्या कुंडीत मी नवी चिठ्ठी खोचली आहे, बॉलपेनने लिहिलेली : नाव इसिकाकाथीच्या घराण्यातले, रंग सावळा, पाने फेब्रुवारी ते नोव्हेंबर, जागा सकाळचे ऊन. खाली बारीक अक्षरांत त्यांचे वाक्य आहे, थंडीत झोपू द्यावे. आज डिसेंबरची वीस तारीख. कुंडीत वर काहीच दिसत नाही, आणि मी पाणी घातलेले नाही.